लोड घेऊ नका

आमच्या घरात 'लोड' हा शब्द तीन अर्थांनी नांदतो. पहिला लोड आजोबांचा. बैठकीतल्या गादीवर भिंतीशी ठेवलेला, पांढऱ्या अभ्र्यातला, आतल्या कापसाचा केव्हाच दगड झालेला. त्याला टेकून आजोबांनी चाळीस वर्षं सुपारी कातरली आणि जगातल्या यच्चयावत प्रश्नांचा निकाल लावला. दुसरा लोड विजेच्या बिलावर छापलेला असतो. त्याचं सोवळ्यातलं नाव 'स्वीकृत भार'. तिसरा लोड झाशीच्या हवेतच आहे. इथे कुणाला काहीही सांगायला जा, नळाला पाणी नाही म्हणा, मुलीचं लग्न जमत नाही म्हणा, समोरचा माणूस पिंक टाकायला जागा शोधतो, टाकतो आणि शांतपणे म्हणतो, "लोड मत लो, दद्दा."

हे तीन लोड इतकी वर्षं एकमेकांच्या वाटेला गेले नव्हते. मग मी विजेवरची मोटार घेतली आणि तिघेही एकाच भिंतीशी येऊन भिडले.

आधी आमच्याविषयी. आम्ही झाशीचे मराठी. पुण्यात गेलो की लोक कौतुकानं म्हणतात, "मराठी बरं बोलता हो, कुठे शिकलात?" आणि झाशीत चार पिढ्यांचे शेजारी विचारतात, "आप लोग तो महाराष्ट्र के हैं ना?" दोन्हीकडे पाहुणेच. झाशीच्या नेवाळकर राजांच्या मागोमाग आमचे पूर्वज कोकणातून इथे आले, असं आजोबा लोडाला टेकून सांगत. झाशीतल्या प्रत्येक मराठी घरात असा एक पूर्वज असतोच, आणि तो राणीसाहेबांच्या दरबारात फार वरच्या जागेवर असतो. सगळ्यांचं खरं धरलं तर १८५८ साली किल्ल्यात शिपाई एकही नव्हता, नुसते कारभारीच होते. आमचे पूर्वज नेमकं काय करत, असं विचारलं की आजोबा लोड दुसऱ्या बाजूला घेत आणि विषयही.

मी स्वतः रेल्वेतून निवृत्त झालो. माझी चौतीस वर्षं पंचवीस हजार व्होल्टच्या तारेशेजारी गेली, असं मी चारचौघांत सांगतो. त्या तारेशेजारी मी तिकीटखिडकीत बसत असे, हे सांगायचं काम आमची ही करते. पण एवढ्या शेजाराचाही माणसावर परिणाम होतोच. घरातल्या २३० व्होल्टची ती काय मातब्बरी, असं मला मनापासून वाटायचं.

मुलगा पुण्यात असतो. त्यानं फोनवर टुमणं लावलं. "बाबा, आता पेट्रोल विसरा. इलेक्ट्रिक घ्या. धूर नाही, गिअर नाही, आवाज नाही."

"आवाज नाही?" ही मागून म्हणाली. "मग हे घरी आले ते मला कळायचं कसं? यांची स्कूटर माणिक चौकात खोकली की मी चहाचं आधण ठेवते."

तरी आम्ही गाड्यांच्या दुकानात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या पोरानं पहिलाच प्रश्न टाकला, "अंकलजी, घर में पावर कितनी है?" मला वाटलं, घरात चालतं कुणाचं असं विचारतोय. मी हिच्याकडे पाहिलं. त्यानं ते उत्तर समजून घेतलं आणि नम्रपणे दुरुस्ती केली, "नहीं अंकलजी, बिजली का लोड."

मग त्यानं मला शिकवलं ते असं. गाडीची बॅटरी २४ युनिटांची. ती भरायचे घरी दोन मार्ग. एक साधा: गीझरला असतो तसा १५ अँपिअरचा पॉवर प्लग. त्यातून ३.३ किलोवॅट मिळतात आणि रिकामी गाडी रात्रभरात, आठ-नऊ तासांत भरते. दुसरा मार्ग भिंतीवर बसवायच्या डब्याचा. तो ७.२ किलोवॅटचा, ३२ अँपिअर ओढणारा. त्यावर काम साडेतीन-चार तासांत उरकतं. याहून मोठी भूक असेल तर ११ आणि २२ किलोवॅटचेही डबे असतात, पण त्यांना तीन फेज लागतात. हमरस्त्यावरची पंपासारखी उभी यंत्रं तर पन्नास-साठ किलोवॅट थेट बॅटरीत ओततात. ती घरी बसवायचा विचारही करायचा नाही. घरी लग्नाचा आचारी ठेवत नाहीत, तसंच ते.

आता माणसाला ३.३ आणि ७.२ हे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले तर तो काय निवडणार? मी रुबाबात म्हणालो, "बडावाला." पोरगा खूश झाला. मुलगाही फोनवर खूश झाला. घरी येऊन हिनं बिल काढलं, चष्मा लावला आणि स्वीकृत भार वाचला. दोन किलोवॅट.

या दोन किलोवॅटला इतिहास आहे. आजोबांनी वीज घेतली तेव्हा घरात चार दिवे, एक पंखा आणि एक रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. भार किती लिहू, असं विचारल्यावर आजोबा म्हणाले असणार, "लिहा की कमीत कमी." कमीत कमी लिहिणं हे आमच्याकडे कुलाचारात बसतं. पुढे वडिलांच्या काळात कुणीतरी एकाचे दोन केले. त्यानंतर घरात फ्रिज आला, मिक्सर आला, दोन किलोवॅटचा गीझर आला, दीड टनाचा एसी आला, पाण्याचा पंप आला. भार मात्र दोनावर ठाम राहिला. म्हणजे एकटा गीझर लावला की आमच्या घराचा कागदोपत्री कोटा संपतो. उरलेलं घर मग कृपेवर चालतं.

ती कृपा स्वयंपाकघरातून होते. देशाची वीज कुठून कुठे न्यायची हे दिल्लीतलं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र बघतं, उत्तर प्रदेशाची लखनौला बघतात आणि आमच्या घराची ही बघते. सकाळी सहाला पंप. पंप बंद झाल्याची आरोळी आली की गीझर. गीझरचा लाल दिवा विझला की इस्त्री. एसी फक्त रात्री साडेदहानंतर, तोही फ्रिजची घरघर थांबलेली ऐकून. एकदा पाहुण्यांनी न विचारता मायक्रोवेव्ह लावला आणि बैठकीसकट सगळं घर अंधारात गेलं. त्या पाहुण्यांना आम्ही आजही त्याच घटनेनं ओळखतो.

अशा या घरात आता एकट्या मोटारीला ७.२ किलोवॅट हवे होते. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी मिळून जेवढं खायचं त्याच्या साडेतीनपट नव्या सुनेला. मी हॉर्सपॉवरमध्ये हिशेब करून पाहिला. साडेनऊ घोडे भरले. साक्षात राणीसाहेबांनाही एका वेळी एकच घोडा लागत असे.

तरी नियम माझ्या बाजूचा होता. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय की मालकानं आपली गाडी घरी, आहे त्याच वीजजोडणीवर भरायला हरकत नाही. हरकत नाही हे खरं, पण जोडणीची हरकत असली तर काय, हे ज्याचं त्यानं बघायचं. हल्लीची मीटरं नुसते युनिट मोजत नाहीत. महिन्यात एका वेळी जास्तीत जास्त किती ओढलं तेही टिपून ठेवतात. भार दोनाचा आणि ओढ नवाची निघाली, तर बिलावर दंड उमटतो. पूर्वीचं मीटर आजोबांसारखं होतं, एका डोळ्यानं झोपलेलं. हे नवं मीटर सुनेच्या माहेरच्या माणसांसारखं सगळं लक्षात ठेवतं.

म्हणून भार वाढवायला बिजलीघरात गेलो. खिडकीत एक प्रौढ बाबू होते.

"लोड बढ़वाना है," मी म्हणालो. "दस किलोवाट."

त्यांनी चष्मा काढला. "किस लिए?"

"मोटर के लिए."

"सबमर्सिबल?"

"नहीं, चलनेवाली."

"चलती तो सभी हैं बाबूजी, जब तक जलती नहीं. कितने हॉर्सपावर की?"

मी सांगितलं, साडेनऊ. त्यांचा चेहरा गंभीर झाला. "आटा चक्की डाल रहे हैं क्या? चक्की का कनेक्शन अलग होता है."

चक्की नाही, चारचाकी, हे त्यांना पटवायला दहा मिनिटं गेली. मग ते एकदम मवाळ झाले. त्यांनी सांगितलं ते खरंच उपयोगाचं होतं. भार वाढला की दर किलोवॅटमागे दर महिन्याचा स्थिर आकार वाढतो, तुम्ही तो भार वापरा किंवा नका वापरू. दहा किलोवॅटला एक फेज पुरायचा नाही, तीन लागतील. त्यासाठी खांबापासून घरापर्यंत नवी केबल, नवं मीटर आणि त्या सगळ्याचा अंदाजखर्च. शेवटी म्हणाले, "पहले घर की वायरिंग दिखा लो. लोड हम दे देंगे, दीवार ले पाएगी?" आणि फॉर्म हातात देताना, अर्थातच, "वैसे लोड मत लीजिए."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्यानं मीटरपासून सुरुवात केली आणि भिंतीवरच्या लाकडी पट्ट्यांवरून बोट फिरवत बैठकीपर्यंत आला. पट्टीचं एक झाकण उचकटून आतली तार पाहिली. डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून जसा गप्प होतो तसा गप्प झाला.

"दद्दा, ये तो अॅल्युमिनियम है. आपसे भी पुरानी."

त्यानं समजावलं. तांब्याची तार हवी. १५ अँपिअरच्या प्लगला चार चौरस मिलीमीटरची, ३२ अँपिअरच्या डब्याला सहाची. तीही मीटरपासून थेट, मध्ये कुणाला भेटायचं नाही. तिचा स्वतंत्र एमसीबी, आणि करंट गळून माणसाकडे वळला तर तीस मिलीअँपिअरलाच तोडणारा आरसीसीबी.

"पण गीझरचा प्लग आहे की," मी म्हणालो. "तोही पंधराचाच. त्यालाच लावू."

मिस्त्री हसला. त्याचं उत्तर कुठल्याही अभियांत्रिकीच्या पुस्तकात सापडायचं नाही. म्हणाला, गीझर हा जेवायला आलेला पाहुणा. वीस मिनिटांत खातो, ढेकर देतो, जातो. मोटार म्हणजे घरजावई. सलग आठ तास ताटावरून उठत नाही. पाहुण्यापुढे जी तार निभते ती जावयापुढे तापते, प्लगची पिन सैल असेल तर तीही तापते, आणि मग बेकेलाइटचा जो वास सुटतो तो वास आल्यावर धावून काही उपयोग नसतो. पंधरा अँपिअर हा आकडा तोच. फरक तो किती वेळ टिकवायचा यात आहे. लग्नाचंही तसंच आहे, असं मला वाटलं, पण ही शेजारीच उभी होती.

मग त्यानं टेस्टर काढला, प्लगच्या तिसऱ्या, मोठ्या भोकापाशी काही उद्योग केला आणि मान हलवली. "इस घर में अर्थ ही नहीं है."

"हे मी लग्न झाल्यापासून सांगतेय," ही म्हणाली.

तपास करता कळलं की वडिलांनी घराचं अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला जोडलं होतं. त्या काळी सर्रास जोडत. दहा वर्षांपूर्वी मीच तो गंजका पाइप काढून प्लास्टिकचा टाकला होता. तेव्हापासून आमच्या घरातली प्रत्येक तिसरी पिन केवळ शोभेला होती. माणसांना चालून गेलं. मोटारीला चालत नाही. तिच्याबरोबर येणारा चार्जर आधी जमिनीशी नातं तपासतो. ते नसेल तर लाल दिवा लावून स्वस्थ बसतो, एक युनिट घेत नाही. निवडणुकीतल्या उमेदवारांनाही अशी एखादी तपासणी असती तर बरं झालं असतं.

अर्थिंगचा खड्डा आठ-दहा फूट खोल हवा. त्यात धातूचा पाइप उभा करायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर द्यायचे आणि ओल टिकवायची. पुस्तकात हे दोन ओळींचं काम आहे. पण पुस्तक लिहिणारा बुंदेलखंडात आलेला नसतो. इथे वीतभर मातीखाली ग्रॅनाइट. १६१३ साली ओरछ्याच्या बीरसिंह देवानं बंगरा टेकडीवर किल्ला बांधला तो काही उगाच नव्हे. १८५८ साली इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफा मार्चअखेरपासून धडधडत होत्या, तेव्हा कुठे ३ एप्रिलला त्याची फौज शहरात शिरली. आमचा मिस्त्री आणि त्याचा पोऱ्या यांच्याकडे एक पहार होती. पहिल्या दिवशी अडीच फूट. दुसऱ्या दिवशी अडीच फूट आणि वाकडी पहार. तिसऱ्या दिवशी ही कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "न्हाणीच्या मोरीशेजारी खणा. तिथे शंभर वर्षं पाणी मुरतंय. माझं अळू तिथेच माजतं." तिथे पहार लोण्यात सुरी जावी तशी गेली. विजेला ओली जमीन लागते आणि अळूलाही, हे विज्ञान घरातल्या घरात असताना आम्ही तीन दिवस ग्रॅनाइटवर काढले होते.

आता उन्हाळ्यात ही तुळशीला पाणी घालते आणि उरलेलं अर्थिंगला. पाइपाला तिनं एकदा हळदकुंकूही वाहिलं. मी हसलो तर म्हणाली, "घराला अर्थ आलाय, हसता काय?"

पुढचा पेच जागेचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं २०१९ साली सुरक्षेच्या नियमांत चार्जिंगचीही भर घातली. प्लग जमिनीपासून निदान आठशे मिलीमीटर वर हवा. उभ्या गाडीची जोडणी त्यापासून पाच मीटरच्या आत हवी. आणि मधे एक्स्टेंशनची वायर लावायची नाही. हा तिसरा नियम म्हणजे आमच्या संस्कृतीवरच घाव. आमचा गणपती, आमची इस्त्री, आमचा लग्नाचा मांडव, सगळं एक्स्टेंशनवर उभं आहे. पण मिस्त्री बधेना.

आमच्या वाड्याचा दरवाजा जुना. आरसे मिटले तर मोटार दोन्हीकडून चार बोटं राखून आत येते आणि अंगणात एकाच जागी उभी राहू शकते. तिथून पाच मीटरच्या आत, पावसापासून आडोशाची भिंत एकच: बैठकीची. मिस्त्रीनं फीत लावली, उंची मोजली, पेन्सिलीनं फुली मारली. मी आत जाऊन पाहिलं. भिंतीच्या अलीकडे, बरोबर त्या फुलीच्या मागे, आजोबांचा लोड होता. तार आतून यायची तर तिथूनच.

लोड हलवून लोड आणायचा. आजोबांच्या फोटोकडे मी त्या दिवशी पाहिलं नाही.

तरी अजून सगळ्यात मोठा प्रश्न शिल्लकच होता: वीज. झाशीचं नाव कसं पडलं याची एक गोष्ट इथे सांगतात. बीरसिंह देव ओरछ्याच्या महालावरून जैतपूरच्या राजाला आपला नवा किल्ला दाखवत होता. दिसतोय का, असं त्यानं विचारलं तेव्हा पाहुणा डोळे बारीक करून म्हणाला, "झाईं-सी." सावलीसारखं काहीतरी. मे महिन्यात संध्याकाळी सातला आमच्या दिव्याकडे पाहिलं की त्या राजाची दृष्टी अधू नव्हती, याची खात्री पटते. पारा पंचेचाळिसाच्या वर, गल्लीतल्या प्रत्येक खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि व्होल्टेज १८०. या गावात कडक बिजली अशी एकच: किल्ल्यावरची तोफ. गंगाधररावांच्या काळातली, गुलाम गौस खाननं चालवलेली. तीही आता पर्यटकांच्या फोटोपुरती.

व्होल्टेज पडलं की चार्जिंगही पडतं. गणित सरळ गुणाकाराचं आहे. २३० ला पंधरा अँपिअरनं गुणलं तर साडेतीन किलोवॅटच्या आसपास, १८० ला गुणलं तर २.७. शिवाय गल्लीच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर. झाशीशेजारी खैलारला भेलचा मोठा कारखाना आहे, तिथे चांगले धिप्पाड ट्रान्सफॉर्मर बनतात. आमच्या कोपऱ्यावरच्याचा त्या घराण्याशी काही संबंध असावा असं त्याच्या तब्येतीवरून वाटत नाही. तो रात्री इतका गुणगुणतो की गल्लीत नवीन आलेल्याला कुणीतरी रियाज करतंय असं वाटतं. त्यावर माझे साडेनऊ घोडे सोडायचे म्हणजे गायकाच्या छातीवर बसून तान मागायची.

असा सगळ्या बाजूंनी गांजून मी एका संध्याकाळी दारात उभा होतो. समोरच्या घरातला ई-रिक्षावाला आपली रिक्षा आत घेत होता. गेली सहा वर्षं तो रोज संध्याकाळी हेच करतो. इतकी वर्षं माझ्या नाकासमोर रोज विजेची गाडी भरली जात होती आणि मी विजेच्या गाडीची माहिती पुण्याला फोन करून घेत होतो.

"काय दद्दा, मुँह काय उतरो है?" बुंदेलीतला हा 'काय' आमच्या मराठी 'काय'चा सख्खा भाऊ. तो ऐकला की मी मनातलं सगळं बोलतो. बोललो. तीन फेज, दहा किलोवॅट, केबल, अंदाजखर्च, आजोबा.

त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, जो दुकानातल्या पोरानं विचारला नव्हता, मुलानं विचारला नव्हता, बाबूंनी विचारला नव्हता आणि मी तर नव्हताच विचारला.

"दिन में चलाते कितना हो?"

मी मोजायला लागलो. सकाळी गणेश मंदिर, जिथे १८४२ साली राणीसाहेबांचं लग्न लागलं. तिथून सदर बाजारात भाजी. संध्याकाळी हिचं भजनी मंडळ सीपरी बाजारात. परत घर. सगळं मिळून चौदा किलोमीटर. फार तर महिन्यातून एकदा ओरछा, जाऊन-येऊन चाळिशीच्या आत. ग्वाल्हेरला हिची बहीण असते, पण झाशीहून ग्वाल्हेरला जाणं ही गोष्ट आमच्याकडे १८५८ पासून गंभीरपणे घेतली जाते. तिथे आम्ही रेल्वेनंच जातो.

"चौदह?" तो म्हणाला आणि हसत सुटला. त्याची रिक्षा दिवसाला ऐंशी किलोमीटर चालते आणि साध्या प्लगवर भरते.

मग आम्ही दोघांनी त्याच्या सीटवर बसून हिशेब मांडला. माझी गाडी एसी लावून, झाशीच्या रस्त्यांवर, एका युनिटात सातेक किलोमीटर जाईल. म्हणजे दिवसाला दोन युनिट. गीझर एक तास चालू राहिला तर जेवढे लागतात तेवढे. हे दोन युनिट साध्या प्लगवर चाळीस मिनिटांत मिळतात. मोठ्या डब्यावर अठरा मिनिटांत. म्हणजे तीन फेज, नवी केबल, नवं मीटर आणि जन्मभराचा स्थिर आकार एवढा सगळा खटाटोप करून माझी रोजची बावीस मिनिटं वाचणार होती. तीही रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान, जेव्हा मी घोरत असतो.

आपण पोटापुरतं न मागता ताटाच्या मापानं मागतो, हे मला त्या रिक्षात कळलं. ज्याला रोज दोनशे किलोमीटर पळायचंय, ज्याच्या घरात दोन मोटारी आहेत, त्याला तो ७.२ चा डबा लागेल. त्यानं खुशाल घ्यावा. मला लागत होता तो आकडा नव्हता, रुबाब होता. आणि रुबाबाला फेज कितीही दिले तरी कमीच पडतात. आजोबांनी 'कमीत कमी' लिहिलं त्याला मी कंजुषी समजत होतो. कदाचित त्यांनी फक्त मोजून लिहिलं होतं.

पुन्हा बिजलीघरात गेलो. "दस नहीं, पाँच." बाबूंनी चष्मा काढला. "चक्की छोटी कर दी?" मी म्हटलं, हो. कधीकधी सत्यापेक्षा चक्की सोपी असते.

आता आमच्या बैठकीच्या बाहेरच्या भिंतीवर, जमिनीपासून आठशे मिलीमीटरच्या बरंच वर, १५ अँपिअरचा एक दणकट प्लग आहे. मागे तांब्याची तार, पुढे आरसीसीबी, खाली अळवाच्या ओलीतलं अर्थिंग. हिच्या वेळापत्रकात रात्री अकराला एक नवी ओळ आली: 'गाडी.' एसी आधी घर गार करतो, मग थांबतो, मग गाडीला पाळी. लखनौच्या केंद्रालाही इतकी शिस्त जमत असेल का, मला शंका आहे. चहाच्या आधणाचा प्रश्नही सुटला. मी आता घराजवळ आलो की फोन करतो.

आजोबांचा लोड मात्र महिनाभर बेघर होता. कपाटावर मावेना, माळ्यावर चढेना. शेवटी हिनं तो गाडीत मागच्या सीटवर टाकला. पाठीला बरा पडतो म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री साडेअकराला कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरनं एक शेवटची तान घेतली, निळा उजेड झाला आणि गल्ली काळीठिक्कर पडली. पाच मिनिटांत सगळे पंखे हातात आले. भिंती दिवसभराचं ऊन बाहेर टाकत होत्या. अंगणात उभा राहून मी घाम पुसत होतो, तेव्हा ही म्हणाली, "अहो, गाडीत वीस युनिट पडलेत ना?"

हे मला सुचायला हवं होतं. धूर नाही, आवाज नाही, त्यामुळे बंद अंगणात उभ्या गाडीत एसी लावून बसलं तरी काही बिघडत नाही. तासाला एखादं युनिट जळेल फार तर. आम्ही दारं लावून आत बसलो. मागच्या सीटवर ती, पाठीशी आजोबांचा लोड. पाच मिनिटांत मोटार महाबळेश्वर झाली. ज्या मोटारीसाठी मी सगळ्या झाशीकडे वीज मागत फिरलो, तिच्याचकडे त्या रात्री गल्लीतली एकमेव वीज होती.

काचेवर टकटक झाली. समोरचा रिक्षावाला, कडेवर धाकटी, बोटाला थोरला. पोरं घामानं चिंब. मी काच खाली केली.

"दद्दा," तो संकोचून म्हणाला, "कित्तो लोड ले लेहै गाड़ी?"

मी मागे वळून पाहिलं. हिनं लोड उभा करून खिडकीशी सरकवला, पोरांपुरती जागा केली आणि बिलावरच्या अक्षरांत म्हणाली, "स्वीकृत."